पडदी

ड्रॉइंगवर लिहिलेलं असतं बल्कहेड,
मकरपुऱ्याच्या शेडमध्ये सगळे म्हणतात बल्केट,
अण्णा मात्र म्हणायचे पडदी.
सहा मिलिमीटरचा पत्रा, कड वळवलेला, किंचित फुगीर,
टँकरच्या लांब पोटात आडवा उभा.

भोकं असतील तर ती बॅफल,
ब्रेक मारल्यावर डिझेल हिंदकळू नये म्हणून.
भोक नसेल तर पडदी:
अलीकडे पेट्रोल, पलीकडे रॉकेल, एकमेकांचा वासही नाही.
एवढ्याशा फरकावर माझा पगार.
मी वेल्डवर लाल रंग फासते, वीस मिनिटं थांबते,
पुसते, पांढरी पावडर फवारते,
आणि केसाएवढी भेग असली तरी
ती आपणहून लाल उमटते,
खोटं पकडलेल्या माणसासारखी.

पडदी दोन्ही बाजूंनी शिवावी लागते.
या बाजूने अण्णा, त्या बाजूने याकूबचाचा मलेक.
मध्ये पत्रा. बावीस वर्षं.
हाक मारावी तर आवाज टाकीभर फिरून
भलतीकडूनच परत येतो,
म्हणून चिपिंगच्या हातोडीने ठोकायचं.
तीन ठोके: आहेस ना?
तिकडून तीन: आहे.
नाही आले तर मशीन बंद, मॅनहोलकडे धाव.

एकदा आले नव्हते.
एप्रिलची दुपार, ब्लोअर बंद पडलेला.
अण्णांनी चाचाला काखेत धरून बाहेर ओढलं,
तोंडावर पाणी मारलं, मग सणसणीत शिवी दिली.
आठ दिवस दोघं बोलले नाहीत.
ठोके मात्र चालू होते.

जहाजात म्हणे एक खोली बुडाली
तरी बाकीच्या तरंगतात, पडदीच्या जिवावर.
विमानाच्या शेपटीशी ती घुमटासारखी असते,
प्रवाशांचा श्वास पाठीने अडवून धरते.
खाणीत ती फुटलेल्या पाण्याला सामोरी जाते.
आमच्या जिन्यातल्या जाळीच्या दिव्यालाही
इलेक्ट्रिशियन बल्कहेडच म्हणतो.
जहाजाच्या पडदीवर लावायचे म्हणून ते नाव, मी सांगितलं.
तो म्हणाला, बेन, बडोद्यात कुठलं जहाज?

आणि पुलाचा स्लॅब ओतताना
आजचं काँक्रीट जिथे थांबवायचं तिथे फळी ठोकतात,
तीही तीच.
एवढी एकच, उद्या काढायची म्हणून लावलेली.

जहाजाचं वाचते तेव्हा
मला एकच विचारावंसं वाटतं:
दार लावणारा कुठल्या बाजूला असतो?

ज्या वर्षी कर्फ्यू लांबला
त्या वर्षी चाचाने रावपुऱ्यामागचं घर विकलं,
तांदळज्याला गेला.
कोणी जा म्हणालं नाही. कोणी राहा म्हणालं नाही.
शहर तरंगत राहिलं.
मी कितीही लाल रंग फासला असता
तरी त्या जोडावर काही उमटलं नसतं,
इतकं सफाईदार काम.

खिडकीत अण्णांचा एक पितळी नग पडलेला असतो,
बल्कहेड युनियन.
पडदीला भोक पाडून नळी पार न्यायची,
दोन्हीकडून नट आवळायचे;
नळी वाहते, पडदी गळत नाही.
शेडमधून आणलेली ही त्यांची एकुलती चोरी.

आता दोघांनाही नीट ऐकू येत नाही.
रविवारी मी फोन लावून देते, स्पीकरवर.
काय? काय म्हणतोस? असं पाच मिनिटं चालतं,
हिंदी, गुजराती, मराठी, सगळं वाया.
मग अण्णा तो पितळी नग उचलतात
आणि फोनशेजारच्या स्टीलच्या पेल्यावर मारतात,
तीन.

मी पोळी तव्यावर तशीच ठेवते.

तिकडून एक आला.
दुसरा आला.
तिसऱ्याला जरा वेळ लागला;
तोवर अण्णा
चपला शोधायला उठले होते.